वर रिच, खाली लीन: तीन पिस्टन खाल्लेल्या एका आरएक्सचं प्रकरण

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. अंबडकडचा एक पोरगा छोट्या हत्तीत गाडी घालून जालन्याला माझ्या गॅरेजवर आला. गाडी उतरवायच्या आधी त्यानं सरकीच्या बियाण्याची रिकामी पिशवी माझ्या पुढ्यात उपडी केली. आतून दोन पिस्टन पडले, दोन्ही एका अंगानं खरवडलेले.

"तिसरा आतच हाय वस्ताद," म्हणाला.

टू-स्ट्रोक घेऊन येणारे बहुतेक जण खराब पार्ट उकिरड्यावर टाकून, हात हलवत येतात. मग मी नुसत्या गोष्टी ऐकून निदान करायचं. या पोरानं पुरावे सांभाळून ठेवले होते. हे प्रकरण सुटलं त्यात माझ्याइतकाच त्या पिशवीचाही वाटा आहे.

गाडी यामाहा आरएक्स १००. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ विकली गेली. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, ९८ सीसी, कंपनीतून निघताना ११ हॉर्सपॉवर. याची गाडी मात्र डर्टसाठी, म्हणजे मातीत पळवायला, बनवलेली होती. लाइट, मडगार्ड, मीटर सगळं उतरवलेलं. पुढं लांब शॉकअप, चाकांना बटन टायर, पोट फुगलेला एक्स्पान्शन सायलेन्सर, २४ मिमीचा कार्बोरेटर. ऑइल पंप काढून तिथं पट्टी मारलेली, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच कालवून घालायचं. असली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून छोटा हत्ती. पळायची ती जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अंगाला, गावाबाहेरच्या माळावर. तिथं पोरांनी जेसीबीवाल्याला गाठून दोन उड्या आणि एक लांब सरळ पट्टा करून घेतलेला.

पोराच्या तोंडून जी हकिगत कळली ती अशी. जानेवारीत गाडी झकास होती. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मोठं भोक, १३० चा (आकडा मोठा तेवढं पेट्रोल जास्त). प्लग विटकरी, म्हणजे मिश्रण बरोबर. मार्चच्या अखेरीस सरळ पट्ट्याच्या शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला आणि मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून वाचला. गावातल्या मिस्त्रीनं पिस्टन पाहिला, "उन्हाळाय, गाडी तापायलीय" म्हणाला, ब्लॉक ०.२५ ला बोअर केला, म्हणजे पाव मिलीमीटर मोठ्या पिस्टनसाठी सिलिंडर मोठा केला, आणि मेन जेट १४० केला. बारा दिवसांनी परत तेच. या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे. ०.५० चा पिस्टन, मेन जेट १५०, वर सल्ला, "लिटरला साठ मिली ऑइल घाल, पिस्टन कधी धरणार नाही." आठ दिवसांत तिसऱ्यांदा धरला.

दोन्ही मिस्त्र्यांना मी नावं ठेवणार नाही. पिस्टन जाम झाला की मिश्रण पातळ, म्हणजे लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. लीन झालं की जेट वाढवायचा. शंभरात साठ वेळा हे बरोबर निघतं. मीही तेच केलं असतं, पण गाडी उतरवताना पोरगा सहज बोलून गेला, "वस्ताद, आता वर रेस द्यायला लागलं की गाडी भरभर करायलीय, मोकळी पळतच नाही."

भरभर करते म्हणजे वरच्या रेसला पेट्रोल जास्त. टू-स्ट्रोक वर रिच झाली की एक ठिणगी पेटते, एक हुकते आणि आवाज फोर-स्ट्रोकसारखा घोगरा येतो. म्हणजे हे इंजिन वर रिच होतं आणि तरीही जाम होत होतं. प्लग काढला. काजळलेला, ओलसर. पण भिंगाखाली धरल्यावर त्याच काजळीत खसखशीपेक्षा बारीक चंदेरी कण दिसले. वितळलेलं ॲल्युमिनियम, पिस्टनचं. प्लग रिचची साक्ष देतोय आणि त्याच प्लगवर पिस्टनची राख.

पिशवीतले पिस्टन धुऊन बाकावर मांडले. दोन्हींची खरवड एक्झॉस्टच्या बाजूला, रिंगांपासून खाली स्कर्टपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागापर्यंत. हा खुणेचा भाग महत्त्वाचा. बोअर घट्ट मारला असेल किंवा थंड इंजिनाला एकदम रेस दिली असेल तर पिस्टन चार कोपऱ्यांत धरतो आणि चार उभे पट्टे दिसतात. इथं तसं नव्हतं. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात जास्त तापते. तीच धरली म्हणजे उष्णता जास्त किंवा ऑइल कमी, किंवा दोन्ही. पहिल्या पिस्टनच्या डोक्यावर कोरडा फिकट थर होता, दुसऱ्याच्या डोक्यावर जाड काळा. खरवड मात्र दोघांची जुळी. जेट १३० वरून १४० झाला तेव्हा डोक्याचा रंग पालटला, मरण पालटलं नाही.

मग मी पोराला एकच प्रश्न तीनदा विचारला. नेमका कधी धरला? फुल रेसमध्ये, की रेस सोडल्यावर?

त्यानं डोळे मिटून आठवलं. तिन्ही वेळा पट्ट्याच्या शेवटी, वळणाच्या आधी. रेस सोडली आणि धरला.

इथं थोडं कार्बोरेटरचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेस बंद ते पाव या टप्प्यात पायलट जेट आणि हवा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण नीडल. मेन जेटचा अंमल पाऊणच्या पुढं. गाडी जाम होत होती रेस बंद करताना आणि दोन मिस्त्री मिळून वाढवत होते फुल रेसचा जेट. मधल्या मजल्यावर पाणी येत नाही म्हणून गच्चीवरची टाकी मोठी केली, असा तो प्रकार.

"रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येतो का रे?"

"नाही ना. दोन-तीन सेकंद तशीच किंचाळत राहते. मला वाटलं केबल अडकायली. नवी टाकली. तरी तेच."

"अन् गरम गाडी चालू करताना चोक लागतो?"

"लागतो. कामून?"

हे ऐकलं आणि मी कार्बोरेटरवरचा हात काढला. रेस बंद असूनही इंजिनाला कुठून तरी हवा मिळत होती, कार्बोरेटर टाळून.

माझ्या या संशयाला हवामानाचा एक आधार होता. "उन्हाळा आला, जेट वाढव" हे वाक्य आमच्या भागात पोळ्याच्या पुरणपोळीइतकं पक्कं आहे, आणि ते उलटं आहे. जालन्यात जानेवारीच्या सकाळी १२ अंश असतं, एप्रिलच्या दुपारी ४२. तेवढ्या फरकानं हवा जवळजवळ १० टक्के विरळ होते. म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी येतो. जेटमधून येणारं पेट्रोल काही तेवढं कमी होत नाही. म्हणून थंडीत नीट लावलेली टू-स्ट्रोक उन्हाळ्यात आपोआप थोडी रिच व्हायला हवी. ही गाडी थंडीत ठीक होती आणि उन्हाळ्यात लीन झाली, हवामानाच्या विरुद्ध दिशेनं. जी गाडी हवामानाच्या उलटी चालते, तिच्यात हवामानाशिवाय दुसरं काहीतरी बदललेलं असतं.

काय काय बदललं असेल, त्याचा हिशोब पाटीवर मांडला. पहिला संशय पेट्रोलवर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून त्यातलं बरंच जातं, त्यामुळे याबाबत गावात तावातावानं बोललं जातं. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो. पूर्ण ज्वलनाला एक किलो साध्या पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणून त्याच जेटवर २० टक्केवालं पेट्रोल थोडं लीन जातं. जुन्या १० टक्केवाल्याशी ताडलं तर फरक चारेक टक्क्यांचा. पोराच्या कॅनमधलं पेट्रोल तपासायला मी शंभर मिलीचं मोजपात्र घेतलं. कॅनात ऑइल कालवलेलं होतं, म्हणून नमुना त्याच्या पंपावरून कोरा मागवला. ९० मिली पेट्रोल, वर १० मिली पाणी, हलवलं, ठेवलं. खालचा पाण्याचा थर दहाचा अठ्ठावीसच्या आसपास गेला, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला मिळतं. ९० मध्ये १८, म्हणजे २० टक्के. पेट्रोल पंपावर लिहिलंय तेच होतं.

दुसरा संशय त्या साठ मिली ऑइलवर. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, असं सगळ्यांना वाटतं. पण जेटच्या भोकातून ऑइल आणि पेट्रोल एकत्र जातं. लिटरला २५ मिली ऑइल असताना मिश्रणात पेट्रोलचा वाटा ९७.६ टक्के, ६० मिलीला ९४.३. म्हणजे सुमारे तीन टक्के पेट्रोल आपणच काढून घेतलं. शिवाय घट्ट झालेलं मिश्रण भोकातून हळू येतं. ऑइल वाढवून गाडी लीन केली. अर्थात पहिल्या जामच्या वेळी तो २५ च घालत होता, तेव्हा मूळ दोष हा नव्हे.

चार आणि तीन, सात टक्के. मेन जेट १३० चा १५० केल्यावर हे कधीच भरून निघालं होतं, म्हणून तर वर भरभर करत होती. खालच्या रेसचा खड्डा मात्र तसाच. हवा शिरायचं भोक शोधायचं होतं.

गार झाल्यावर किक फिरत होती, तेव्हा इंजिन न उघडताच लीक टेस्ट घेतली. पिस्टन खरवडलेला असला तरी या टेस्टला चालतो, कारण पिस्टन तळाला नेऊन ठेवला की वरचं सिलिंडर आणि खालची क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती पेटी, पोर्टमधून एकच पोकळी होते. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळली. कार्बोरेटर काढून त्या रबरी नळीत बूच घातलं, बुचात व्हॉल्व्ह. हवा भरायला माझ्याकडे जुनं डायलवालं बीपीचं यंत्र आहे. हसू नका. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला टेस्टसाठी ६ पीएसआयच्या आसपास दाब लागतो, आणि बीपीच्या डायलचा शेवटचा आकडा ३००, म्हणजे ५.८ पीएसआय. डॉक्टरांनी जणू आपल्यासाठीच बनवलंय. सायकलचा पंप लावला तर क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील बाहेर फेकलं जायची भीती. बीपीच्या फुग्यानं तेवढा जोर येतच नाही.

फुगा दाबत ३०० ला नेलं, घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी काटा २८०. उत्तम इंजिन. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी काट्याकडे. साबणाचं पाणी हेडला, ब्लॉकच्या पॅकिंगला, रीड वाल्वच्या (हवा फक्त आत सोडणाऱ्या पानांच्या) कडेला, सगळीकडे फिरवलं. एक बुडबुडा नाही.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी हरलो होतो. पोराला म्हणालो गाडी ठेवून जा. मनात आलं, बोअर करून टाकू, पायलट जेट मोठा करू, बघू. तिसरा मिस्त्री तेच करणार होता जे पहिल्या दोघांनी केलं.

सकाळी चहा पिताना डोक्यात आलं की मी टेस्ट अर्धीच घेतलीय. क्रँकच्या सीलचा ओठ आतल्या बाजूला, क्रँककेसकडे तोंड करून असतो. आत दाब दिला की तो ओठ दांड्यावर आणखी घट्ट बसतो. म्हणजे थकलेलं सीलही दाबाच्या परीक्षेत पास होतं. चालत्या इंजिनात मात्र पिस्टन वर जाताना खाली निर्वात होतो, तेव्हा तोच ओठ दांड्यावरून सुटतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. दाबाची टेस्ट सीलची मैत्रीण आहे. खरी परीक्षा ओढून घ्यायची.

निर्वाताला बीपीचं यंत्र कामाचं नाही. समोरच्या ओळीत फ्रीज-एसीचं काम करणारे चाचा बसतात. त्यांच्याकडून गॅस भरायचं निळं गेज आणलं. त्यावर शून्याच्या खाली इंचात निर्वात दिसतो. त्यांचा पंप घेतला नाही, तो एवढा जोर करतो की चांगलं सीलही सोडेल. गुरांच्या डॉक्टरकडची मोठी पिचकारी घेतली. ओढ, गेजची तोटी बंद कर, पिचकारी रिकामी कर, परत ओढ. आणि एक गोष्ट बदलली. कार्बोरेटरच्या तोंडातून ओढलं असतं तर रीडची पानं मिटली असती आणि क्रँककेसपर्यंत काही पोचलंच नसतं. म्हणून जुन्या प्लगचं पोर्सिलीन फोडून त्या लोखंडी अंगात नळी बसवली आणि प्लगच्या भोकातून ओढलं.

काटा १० इंचांवर नेला. तोटी बंद. मी घड्याळाकडे बघेपर्यंत ६. अर्ध्या मिनिटात ३. मिनिटभरात शून्य.

पोरगा तेवढ्यात आलाच होता. मी म्हणालो, मॅग्नेटचं कव्हर खोल. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक सील. क्लचच्या बाजूचं सील फाटलं असतं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर निघाला असता आणि गिअरऑइल कमी झालं असतं. ते काठोकाठ होतं. धूर नाही, ऑइल कमी नाही, म्हणजे कोरडी बाजू, ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या मॅग्नेटची. या बाजूचं सील काही सांगत नाही, गुपचूप हवा खातं.

पुलर लावून मॅग्नेट काढलं, प्लेट बाजूला केली. सीलच्या कडेनं सुईनं लाल टू-टी ऑइलचं एक बारीक कडं ओतलं आणि शिकाऊ पोराला पिचकारी ओढायला सांगितलं. घड्याळात सात वाजतात त्या जागी ऑइलचं कडं थरथरलं, आत वाकलं आणि सुर्र करून गायब झालं. तिथं दुसरा थेंब टाकला. तोही गेला. बाकीच्या कड्यावरचं ऑइल तसंच चकाकत राहिलं.

सील उपसून हातात घेतलं. ओठ नखानं दाबला तर लवेना, वाळलेल्या सुपारीसारखा कडक. आतली बारीक स्प्रिंग शाबूत. आणि ओठाच्या कडेला काळपट लगदा, बोटांत चोळला तर करकर. ही आपली काळी माती. पावसाळ्यात पायाला लोण्यासारखी चिकटते, उन्हाळ्यात पिठापेक्षा बारीक होऊन उडते, आणि ऑइलमध्ये मिसळली की पॉलिशच्या दुकानातल्या पेस्टचं काम करते. क्रँकच्या दांड्यावर ओठ टेकतो तिथं नखाला जाणवेल एवढी चर पडली होती.

पण मॅग्नेटच्या बंद कव्हरात माती गेलीच कशी? कव्हर उलटं केलं आणि उजेडाकडे धरलं. खालच्या कडेला ओळीनं सहा भोकं, ड्रिलनं मारलेली.

"हे काय रे?"

"मॅग्नेट गार राहावं म्हणून. फेब्रुवारीत मारली. मोबाइलवर बघितलं होतं."

फेब्रुवारीत भोकं, मार्चअखेर पहिला जाम. शिवाय दर रविवारी सर्व्हिसिंग सेंटरवर जोराच्या पाण्यानं धुलाई, पिचकारीचा मारा थेट त्या भोकांवर. पाण्यानं माती सीलच्या ओठापर्यंत पोचवायची, उन्हानं ती तिथं वाळवायची. सील मुळात किती जुनं होतं आणि किती या भोकांनी मेलं, ते वेगळं करून सांगता येणार नाही. पण दांड्यावरची चर नवी होती, पांढरी चकाकणारी.

आता तिन्ही जामची गोष्ट एका ओळीत बसते. सरळ पट्ट्यावर फुल रेस, पिस्टन सणसणून तापलेला. त्या वेळी कार्बोरेटरमधून एवढी हवा जातेय की सीलमधून येणारी चिमूटभर हवा जाणवत नाही. वळणाआधी रेस बंद केली. कार्बोरेटर जवळजवळ मिटला, पण इंजिन अजून सात-आठ हजारांवर फिरतंय आणि दर फेऱ्याला सीलमधून कोरडी हवा ओढतंय. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, कारण ऑइल पेट्रोलमध्येच आहे. तापलेला पिस्टन, पातळ मिश्रण, कोरडी भिंत. एक्झॉस्टची बाजू धरणारच.

दुरुस्तीचा भाग लवकर उरकतो, त्यात नवल काही नाही. बेअरिंग आधी तपासलं. दांड्याला डायल लावून वरखाली हलवलं, ०.०२ मिमी. यात खेळ जास्त निघाला असता तर नवं सीलही महिन्यात मेलं असतं. नवं सील बसवताना ते पूर्ण खोल न ठोकता मिलीमीटरभर बाहेर ठेवलं, म्हणजे ओठ जुन्या चरीत न बसता दांड्याच्या कोऱ्या जागेवर टेकतो. यासाठी इंजिन फाडावं लागलं नाही. क्रँककेसमध्ये तीन जामचा ॲल्युमिनियमचा चुरा असणार, म्हणून तळ पेट्रोल-ऑइलनं तीनदा खळबळून ओतला. तिसऱ्यांदा फडक्यावर चमक दिसली नाही तेव्हा थांबलो.

बोअर ०.७५ ला. पिस्टन आधी बोअरवाल्याच्या हातात द्यायचा, मग बोअर मारायला सांगायचा. पेटीवर ५०.७५ छापलं असलं तरी प्रत्येक पिस्टन दोन-चार शतांशानं इकडं तिकडं असतो. स्कर्टच्या खाली, पिनच्या काटकोनात मोजून ०.०५ मिमी मोकळीक घेतली. रस्त्यावरच्या गाडीला मी यापेक्षा घट्ट ठेवतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात. त्या तेलदगडानं हातानं मोडल्या, नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. हे काम बोअरवाले हमखास विसरतात आणि दोष पिस्टनच्या कंपनीला जातो. रिंगचं तोंड सिलिंडरमध्ये फिलर गेजनं ०.२५. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रीडची पानं उजेडाकडे धरून पाहिली, फट नाही. टायमिंग पाहिलं, जागेवर होतं. मॅग्नेटचं कव्हर नवं, बिनभोकाचं, पॅकिंगसह.

मग दोन्ही टेस्ट परत. दाब ३०० वरून पाच मिनिटांत २९०. निर्वात १० इंचांवरून पाच मिनिटांत साडेनऊ. चाचा स्वतः उठून काटा बघायला आले.

जेटिंग शेवटी. ऑइल लिटरला ३० मिली, नवीन बोअरसाठी थोडं जास्त, आणि त्या हिशोबानंच जेट लावायचा. आज ऑइलचं प्रमाण ठरवलं आणि उद्या बदललं, तर जेटिंग परत करावं लागतं. इंजिन तीनदा गरम करून तीनदा पूर्ण गार होऊ दिलं, हेडचे नट गार असताना परत आवळले. १५० चा मेन जेट मुद्दाम तसाच ठेवून माळावर गेलो. रिचकडून खाली यायचं, लीनकडून वर जायचं नाही. वरून उतरताना चुकलो तर प्लग काळा होतो, खालून चढताना चुकलो तर पिस्टन जातो. १५० ला भरभर. १४० ला पट्ट्याच्या शेवटापर्यंत किंचित घोगरा. १३५ ला मोकळी, पण वर थोडी जड. १३० ला आवाज एकदम फाटल्यासारखा स्वच्छ. तिथंच फुल रेसमध्ये क्लच दाबून किल-स्विच मारला आणि प्लग काढला. स्लोवर गाडी आणून काढलेला प्लग स्लोचं सांगतो, फुल रेसचं नाही. पोर्सिलीनच्या तळाशी विटकरी कडं दिसलं.

म्हणजे गाडी जानेवारीत ज्या १३० वर होती, तिथंच परत आली. उन्हानं एक पाऊल खाली जायला हवं होतं, पेट्रोलनं एक पाऊल वर. दोघांनी एकमेकांना खाल्लं. हवा स्क्रू आता ऐकत होता. अर्धा फेरा फिरवला की आवाजात फरक. रेस सोडली की इंजिन दगड पडावा तसं खाली.

एक गोष्ट राहिली होती, एअर फिल्टर. दुसऱ्या पिस्टनच्या इंटेकच्या बाजूला बारीक उभ्या रेघा होत्या, ती जामची खूण नव्हे, धुळीची. कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळं पीठ. फोमचा फिल्टर पोरानं पेट्रोलमध्ये धुऊन कोरडाच बसवलेला. फोमची छिद्रं या मातीच्या कणापेक्षा मोठी असतात. धूळ अडवतं ते फोमवरचं चिकट ऑइल. आता तो साबणाच्या पाण्यात धुतो, सावलीत वाळवतो, फिल्टर-ऑइल ओतून चुरगळतो आणि कडेला ग्रीसचं बोट फिरवतो. पिळायचा, मुरडायचा नाही, सांधे सुटतात. माळावर दोन तास पळाली की बदलायचा. एक गाडीवर, एक डब्यात.

दिवाळीच्या आधी गाडी परत आणली, मीच बोलावलं होतं. निर्वात १० वरून पाच मिनिटांत ९. सकाळी माळावर आता गार असतं म्हणून १३५ चा जेट बसवून दिला आणि १३० चा तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून त्याच्या हातात ठेवला, डबीवर खडूनं "होळीनंतर" लिहून. सीलला काही शे रुपये लागले होते. त्याच्या आधी तीन पिस्टन आणि दोन बोअर. पैशाचं तो विसरलाय, पण या मापाच्या ब्लॉकला बाजारात ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० एवढेच पिस्टन मिळतात, आणि त्याच्या ब्लॉकमध्ये आता एकच उरलाय.